कांद्याचा भाव आणि रिग्रेशन: आधी कोण हललं?

(मागे फळा, टेबलावर मूठभर उन्हाळी कांदे)

नमस्कार मंडळी. आज रिग्रेशन शिकायचंय, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी सरासरी किती बदलते, हे आकड्यांमधून एक रेषा काढून मोजायचं. आणि ते आपण नाशिकच्या कांद्यावर शिकणार आहोत. परदेशातल्या घरांच्या किमती, कुठल्याशा दुकानांची विक्री, अशी तयार उदाहरणं कोर्समध्ये भरपूर मिळतात. पण ज्या धंद्याची नस आपल्याला माहीत नाही, त्याच्या मॉडेलमधली चूक आपल्याला दिसतच नाही. कांद्यातली चूक आपल्याकडे कुणीही पकडतं. माझी चूक निफाडच्या माझ्या मामांनी पकडली होती. ती गोष्ट सांगते, पण आधी गणित.

(फळ्याकडे वळून) हे पाच दिवस बघा. आकडे शिकवण्यासाठी मी सोपे घेतलेत, खऱ्या बाजाराचे नाहीत. आवक हजार क्विंटलमध्ये: 10, 12, 14, 16, 18. भाव क्विंटलला: 2100, 1900, 1850, 1700, 1450 रुपये. सरासरी आवक 14, सरासरी भाव 1800. आता प्रत्येक दिवशी आवक तिच्या सरासरीपासून किती लांब आणि भाव त्याच्या सरासरीपासून किती लांब, या दोन फरकांचा गुणाकार करा. पाचही दिवसांची बेरीज येते उणे 3000. आवकेच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की 40. उणे 3000 भागिले 40, म्हणजे उणे 75. हा झाला रेषेचा उतार. आवक हजार क्विंटलने जास्त असेल त्या दिवशी भाव सरासरी 75 रुपयांनी कमी दिसतो.

रेषेने सांगितलेला भाव आणि खरा भाव यांत जो फरक उरतो, तो इथे 0, उणे 50, 50, 50, उणे 50. या फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी ठेवणारी रेषा निवडायची, हीच लघुत्तम वर्गांची पद्धत. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने ती 1805 साली धूमकेतूंच्या कक्षा काढताना छापली. एक्सेलमध्ये हे एका फॉर्म्युल्याचं काम आहे. पण एकदा तरी हाताने कराच, म्हणजे 75 कुठून आले ते कळतं.

आता मामा.

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनुसार रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. शिकत होते तेव्हा मी तिथून लासलगावचे आकडे घेतले, सगळे महिने एकत्र टाकले आणि रेषा काढली. जवळजवळ आडवी! मी मामांना सांगून टाकलं, "मामा, आवकेचा भावाशी फारसा संबंध नाही."

मामा म्हणाले, "अगं, भाव बघूनच तर मी ट्रॅक्टर भरतो."

या एका वाक्यात जे आहे, ते मला दोन पुस्तकं वाचूनही कळलं नव्हतं. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला की तो बाजारात न्यावाच लागतो, भाव काहीही असो. तिथे आवक आधी हलते आणि भाव तिच्यामागे पडतो. उन्हाळी कांदा मात्र चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो. भाव चढला की चाळी उघडतात, पडला की बंद होतात. तिथे भाव आधी हलतो आणि आवक त्याच्यामागे वाढते. एकीकडे उतार खाली ओढला जातो, दुसरीकडे वर. मी दोन्ही एकाच रेषेत कोंबले आणि दोन खऱ्या गोष्टींनी एकमेकींना पुसून टाकलं.

सॉफ्टवेअर हे सांगत नाही. त्याला दोन रकाने द्या, ते उतार देणारच. कोण कुणाला हलवतंय, हे धंद्यातल्या माणसाला विचारावं लागतं.

यावर मार्ग आहे, आणि जुना आहे. फिलिप राइट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1928 साली जवसाच्या बाबतीत हीच अडचण मांडली. त्याची युक्ती अशी: पुरवठा हलवणारं, पण गिऱ्हाइकाच्या मागणीला हात न लावणारं काहीतरी शोधा, उदाहरणार्थ एकरी उत्पन्न. पाऊस बिघडला, एकरी उत्पन्न घटलं, म्हणून आवक कमी झाली, तर तो बदल भावामुळे झालेला नसतो. तेवढाच बदल वापरून मोजा. आपल्याकडे बऱ्याच बाजार समित्यांत अमावस्येला लिलाव बंद ठेवायची प्रथा होती. अमावस्या काही भाव बघून येत नाही, म्हणून ती मला फार आवडली होती. पण लिलाव बंद असला की व्यापाऱ्यांची खरेदीही दुसऱ्या दिवसावर साठते, म्हणजे मागणीही हलते. म्हणून ती सोडून दिली.

सरकारी निर्णयांसाठी वेगळा रकाना हवाच. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, मे 2024 मध्ये उठली. त्या दिवसांपुढे 1 आणि बाकीच्यांपुढे 0 लिहा. हा रकाना नसेल तर बंदीचा फटका मॉडेल आवकेच्या नावावर लिहून मोकळं होईल.

आणि आता ज्यासाठी हे सगळं शिकायचं, ते. मामांचा प्रश्न उताराचा नव्हताच! "आज नेऊ, की महिनाभर थांबू?" एवढंच त्यांना हवं होतं. चाळीत कांदा सुकतो, सडतो. समजा 100 क्विंटलचे महिन्याने 90 उरले. आजचा भाव 1800, म्हणजे आज एक लाख 80 हजार. तेवढेच पैसे 90 क्विंटलमधून यायचे तर भाव 2000 हवा. म्हणजे मॉडेलला विचारायचं ते हे, की महिन्याने भाव 2000 च्या वर असण्याची शक्यता किती? इथे कारण कोण आणि परिणाम कोण याची तितकी चिंता नाही, अंदाज चांगला हवा. पण फक्त "2050" असं उत्तर दिलं तर ती मामांची फसवणूक आहे. आधीच्या महिन्यांत मॉडेलचा अंदाज 300 रुपयांनी इकडेतिकडे होत असेल, तर तेही त्यांच्यासमोर ठेवायला हवं.

मी ते ठेवलं. मामांनी थोडा विचार केला आणि अर्धी चाळ त्याच आठवड्यात रिकामी केली. अर्धी ठेवली.

तुमचं काम: जवळच्या बाजार समितीचे एका वर्षाचे आकडे घ्या. लाल कांद्याचे महिने एका आलेखावर, चाळीतल्या कांद्याचे दुसऱ्या. दोन्ही उतार कमेंटमध्ये लिहा, बाजार समितीच्या नावासकट. पुढच्या भागात मी तेच आकडे उघडून बसणार आहे.