गोळी, डिझेल आणि न मोजलेली तारली

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? नसेल तर पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत आणि पहिल्या रांगेतल्यांना मी प्रश्न विचारत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘आवाजाने मासे कसे मोजतात’. मला खरं तर त्याच्या जरा पुढचं सांगायचंय, की तारली, म्हणजे सार्डिन, मोजायची असेल तर आमच्या सर्व्हेच्या मोठ्या जहाजावर सगळी भिस्त ठेवू नका, तुम्हा मच्छीमारांच्या नौका घ्या. त्याच्याकडे येतेच.

मालवणात उभं राहून इको साउंडर समजावायची गरज नाही, इथल्या कितीतरी नौकांवर फिशफाइंडर आहे. तत्त्व तेच, खाली आवाज सोडायचा आणि परत येतो तो ऐकायचा, फक्त तुम्हाला ‘आहे की नाही’ एवढं पुरतं आणि आम्हाला ‘किती’ ते हवं असतं. 1935 साली ऑस्कर सुंद या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने लोफोटेनच्या कॉड माशांचे प्रतिध्वनी कागदावर उमटवून दाखवले, तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. आणि गंमत बघा, हा प्रतिध्वनी बहुतेक मांसाचा नसतोच, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. भोत! घोळीच्या भोताला काय भाव येतो ते पालघरवाल्यांना विचारा. तारलीच्या भोताला कुत्रं विचारत नाही, पण आमचा पगार त्याच्यावर चालतो. (हशा)

आता ‘किती’ सांगायचं तर यंत्र खरं बोलतंय का ते आधी तपासायला लागतं. त्यासाठी एक गोळी असते, टंगस्टन कार्बाइडची, 38.1 मिलिमीटरची, म्हणजे लिंबाएवढी पण हातात घेतली तर हात खाली जातो. तिचा प्रतिध्वनी किती यायला हवा हे गणिताने पक्कं माहीत असतं. जहाज शांत पाण्यात नांगरायचं, तीन बाजूंनी तीन तंगूस, म्हणजे नायलॉनचे दोरे, सोडायचे आणि गोळी जहाजाच्या पोटाखाली आवाजाच्या बरोब्बर झोतात आणायची. गोळीला आधी साबणाचं पाणी लावायचं, नाहीतर बुडबुडे चिकटतात आणि एक बुडबुडा सगळा हिशोब बिघडवतो. मग तिघं तीन रिळांवर. डावीकडे एक फूट सोड, उजवीकडे ओढ, अरे ओढ म्हटलं सोड नाही, तोवर प्रवाह फिरतो आणि गोळी गायब. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

एकदा हे चालू असताना एक होडी बाजूला आली. तिचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “मॅडम, काय गरवतास?” म्हणजे गळ टाकून काय पकडताय? मी म्हटलं, गोळी. ते म्हणाले, “गावली काय?” (हशा) म्हटलं अजून नाही. एवढं मोठं जहाज, एवढी माणसं आणि गोळी गावत नाही म्हणून त्यांनी आम्हाला कालवणापुरते चार बांगडे दिले.

ही झाली गंमत. पुढे ऑफिसातून कागद आला, की अमुक तारखेस जहाज दिवसभर नांगरून होते, त्या दिवशीची मासळी निरंक, डिझेल मात्र खर्ची पडले, तरी खुलासा करावा. मी दोन पानं खुलासा लिहिला, की बाबांनो डेसिबल हे आवाजाचं माप, यंत्र 1 डेसिबलने चुकलं तर उत्तर 26 टक्क्यांनी चुकतं, 3 डेसिबलने चुकलं तर समुद्रात 1 लाख टन असलेली तारली कागदावर 2 लाख होते. त्यावर उत्तर काय यावं? “सदर गोळीची खरेदी कोणत्या लेखाशीर्षाखाली करण्यात आली?” (हशा) हसताय तुम्ही, पण पुढच्या मोसमात गोळीला अर्धाच दिवस मिळाला, आणि शेवटी साहेबांना तोंडावर फेकायला एकच आकडा हवा होता, कमी-जास्त किती ते विचारायचं नाही. मला अजूनही त्याचा राग आहे आणि तो मी प्रत्येक भाषणात काढते, आमच्या घरच्यांना पाठ झालंय.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवते.

जहाजाचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, तळाला, म्हणजे पाण्याखाली चार-पाच मीटर, त्याच्या वरचं काही दिसत नाही आणि लगेच खालचे दोन-चार मीटरही भरवशाचे नाहीत. उथळात जहाज घालता येत नाही. आणि तारली कुठे असते? तुमचं रापणीचं जाळं तिला किनाऱ्यावरून ओढून काढतं, म्हणजे आमच्या पोहोचेच्या पूर्ण बाहेर. त्यात पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येतं, त्यात प्राणवायू कमी, म्हणून मासळी वरच्या पातळ थरात आणि किनाऱ्याकडे लोटली जाते, अगदी आम्ही आंधळे असतो तिथेच. वर खवळलेला समुद्र, जहाजाखाली बुडबुडे.

हे महत्त्वाचं का? 2012 साली केरळात जवळपास 4 लाख टन तारली उतरली, 2021 साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही. पण हे बंदरावर उतरलेल्याचे आकडे. पाण्यात किती उरली होती ते त्यातून कळत नाही, त्यालाच सर्व्हे लागतो.

पेरूत अँचोव्हीसाठी मासेमारी नौकाच घेऊन सर्व्हे करतात, ‘युरेका’ म्हणतात त्याला, 1960च्या दशकापासून. आपल्याकडे 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली की काही नौका भाड्याने घ्याव्यात, प्रत्येकीच्या साउंडरला हीच गोळी दाखवावी आणि रेघ आखून सरळ चालवावं. तांडेलला हेच जड जाणार, कारण मासा दिसला तरी वळायचं नाही. रिकामं पाणीही मोजायचं, नुसतं थव्यावरून थव्यावर गेलात तर समुद्र मासळीने भरलेला वाटेल. मधेमधे जाळं टाकून तारली की बांगडा ते बघायचं. पर्ससीनवाल्यांच्या, म्हणजे अख्ख्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, नौका घ्यायच्या का, या भांडणात मी बोलणार नाही, मला आज घरी जायचंय. (हशा)

नोंदी नौकामालकाच्या, मासा दिसला ती जागा जाहीर करायची नाही, एवढं लेखी दिल्याशिवाय कोणी नौका देणार नाही आणि देऊही नये.

अध्यक्ष उठलेत. रापणकरांपैकी कोणी असेल तर चहाला भेटा, जाळं ओढल्याची वेळ आणि किती वाव खोल पाणी होतं एवढं रोज लिहून ठेवणारा माणूस मला हवाय.