नव्वद दिवसांच्या पुढे

नमस्कार मंडळी. परदेशात राहून, नोकरी करून माणसाला स्वतःचा शोध लागतो का, हा विषय संयोजकांनी सांगितला तेव्हा मी जरा बिचकलेच. ‘स्वतःचा शोध’ म्हटलं की पाठीवर सॅक आणि समोर बर्फाचा डोंगर दिसायला लागतो. मी युरोपातल्या एका शहरात सहा वर्षं हिशेब तपासायचं काम केलं. डोंगर पाहिले, नाही असं नाही. पण मला माझ्याबद्दल जे काही कळलं त्याची सुरुवात घरातलं हीटिंग बंद पडलं त्या सकाळी झाली.

जानेवारी महिना होता. रेडिएटर दगडासारखा गार. घराची देखभाल बघणाऱ्या माणसाला फोन करायचा होता. भाषेच्या वर्गाला वर्षभर जात होते, तरी मी वाक्य आधी कागदावर लिहिलं, दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि मग फोन लावला. वाक्य बिनचूक म्हटलं. पलीकडून एक प्रश्न आला. तो माझ्या कागदावर नव्हता! मी काय केलं असेल? तेच वाक्य पुन्हा वाचलं, थोडं हळू. एकच रेडिएटर गार आहे की सगळे, एवढंच त्यानं विचारलं होतं. हे मला फोन ठेवल्यावर, कोट घालून पलंगावर बसले असताना उमगलं.

आता हसू येतं. त्या दिवशी रडू आलं. कारण मी स्वतःला हजरजबाबी समजत होते. शाळेपासून तीच माझी ओळख. आणि तिथे ऑफिसात विनोद झाला की मी सगळ्यांच्या अर्धा क्षण मागून हसायची. बैठकीत माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. वर्षअखेरीला साहेबांनी माझ्याविषयी लिहिलं, ‘शांत, ऐकून घेणारी.’ माझ्या घरच्यांनी हे वाचलं असतं तर कागद दुसऱ्याच कुणाचा तरी आलाय म्हणाले असते.

तिथल्या आकड्यांनीही सुरुवातीला दगाच दिला. आपण दशांशासाठी टिंब वापरतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत तिथे स्वल्पविराम येतो, आणि टिंब हजार वेगळे करायला. म्हणजे १.२५० हे सव्वा नव्हे, बाराशे पन्नास. पहिल्या आठवड्यात मी एका नोंदीपुढे ठळक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. शेजारच्या बाईंनी काही न बोलता ते खोडलं.

अशा बारीकसारीक गोष्टींनी माणूस का खचतो, याचं उत्तर कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं १९५४ साली रिओ दि जानेरोत, तिथे राहायला आलेल्या परदेशी बायकांपुढे दिलेल्या भाषणात आहे. ‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ झाला तो मुख्यतः त्या भाषणापासून. हस्तांदोलन कधी करायचं, कुठलं आमंत्रण खरं आणि कुठलं नुसतं तोंडदेखलं, अशा शेकडो खुणांच्या आधारावर आपण नकळत जगत असतो. त्या एकदम नाहीशा होतात. त्यानं लक्षणंही सांगितली आहेत. सारखे हात धुणं, पिण्याच्या पाण्याची नको इतकी धास्ती, जरा उशीर झाला की भडका, सगळे आपल्याला फसवणार अशी भीती. हात धुण्याचं सोडलं तर बाकी सगळी मला झाली होती.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांशी बोलून त्यानं काढलेला निष्कर्ष असा, की सहा महिन्यांच्या आत परतलेले बरे होते, दीड वर्षाच्या वर राहिलेलेही बरे होते. मधल्यांचे हाल झाले. आधी चढ, मग खड्डा, मग पुन्हा चढ. हा वक्र पुढे फार गाजला आणि त्यावर टीकाही झाली. न्यूझीलंडमध्ये गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सगळ्यात वाईट काळ अगदी सुरुवातीचाच निघाला. तेव्हा प्रत्येकाचा खड्डा एकाच महिन्यात येतो असं समजू नका. पण खड्डा असतो, एवढं मी शपथेवर सांगेन.

आता गंमत बघा. व्हिसा न लागणाऱ्या किंवा अल्पमुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या पाहुण्याला शेंगेन देशांत, म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत मिळून, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. म्हणजे प्रवासी म्हणून जो जातो तो बहुतेक वेळा आनंदाच्या भरातच परत येतो. पुढचं ज्याला बघायचंय त्याला परवाना काढावा लागतो, घरभाड्याचा करार करावा लागतो, कराचं विवरणपत्र भरावं लागतं. देशाटनाचे गोडवे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मला स्वतःला फिरायला आवडतं. पण फिरताना नवं दिसतं ते बाहेरचं. आपण आपल्याला फारसे दिसत नाही, कारण चार दिवसांत कुणी आपल्याकडून कशाची अपेक्षाच करत नाही.

हे माझंच मत आहे असं मला वाटत होतं. मग २०१८ साली हायो आदम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन माझ्या वाचनात आलं. त्यांनी एकूण ६ अभ्यास केले. परदेशात राहिलेल्यांना ‘मी कोण’ हे इतरांपेक्षा स्पष्ट सांगता येतं, असं त्यांना आढळलं. पण किती देश पाहिले याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही, एकूण किती काळ राहिलात याचा दिसला. कारणही त्यांनी शोधलं. परक्या ठिकाणी माणूस स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहतो, की ही माझी सवय खरंच माझी, की मी जिथे वाढले तिथली माझ्या अंगाला चिकटलेली?

हा प्रश्न मला हजरजबाबीपणाबद्दल पडला. आमच्या घरात जो गप्प बसेल त्याच्या वाट्याला काही यायचं नाही, म्हणून मी भराभर बोलायला शिकले. स्वभाव म्हणून मी जे मिरवत होते, ती बरीचशी तालीम होती. तिथे ती तालीम चालेना. तीन वर्षांनी भाषा हाताशी आली, तशी मी पुन्हा पटापट बोलू शकत होते. पण बोलत नव्हते. समोरचा वाक्य संपवून थांबतो, आणि आपण आणखी दोन क्षण थांबलो तर तो खरी गोष्ट सांगतो, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. हिशेब तपासणीत तर हे सोन्यासारखं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबानं २०२२ मध्ये जगात सुमारे १६ कोटी ७७ लाख स्थलांतरित कामगार होते. त्यातल्या किती जणांना रात्रपाळी संपल्यावर आत्मशोधाला सवड असते? परवाना एकाच मालकाशी बांधलेला असेल तर माणूस तोंड मिटून बसायलाही शिकतो, आणि ते माझ्या ‘शांत’पणापेक्षा फार वेगळं असतं. मी वाटेल तेव्हा तिकीट काढून परतू शकत होते. माझं सगळं बोलणं हे धरूनच ऐका.

आल्फ्रेड श्युट्झला परतायची सोय नव्हती. व्हिएन्नाचा हा समाजचिंतक बँकेच्या कामावर पोट भरायचा. नाझींमुळे आधी पॅरिसला आणि १९३९ साली न्यूयॉर्कला गेला. १९४४ साली त्यानं परक्या माणसावर निबंध लिहिला आणि लगेच पुढच्या वर्षी घरी परतणाऱ्यावर. हा दुसरा मला जास्त लागला. परतणाऱ्याला वाटतं, घर सोडलं होतं तसंच असेल. घरच्यांना वाटतं, गेला होता तसाच आला असेल. दोघंही चुकलेले असतात.

मी परत आले त्याच आठवड्यात जुनी मैत्रीण भेटायला आली. तासभर तीच बोलत होती. मध्येच थांबून म्हणाली, “तू अशी गप्प का? काही बिनसलंय का तिकडे?”

मी म्हटलं, “नाही गं, ऐकतेय.”

तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या बहिणीला फोन करून विचारलं.