हप्त्यावरचं अवकाशयान

उद्यमनगर, कोल्हापूर. सुट्टीचा वार, त्यामुळं लेथ गप आहेत, शटर अर्ध्यावर. एरवी ज्या टेबलावर मायक्रोमीटर लावून जॉब तपासतात तिथं आज कागद, पेन्सिली, खोडरबर आणि दोन फासे. साधे, सापशिडीतले. चौघं बसलेत आणि त्यातला एक आत्ताच मेला.

(फासे घरंगळतात. हशा.)

म्हणजे तो नाही, त्याचं पात्र. आणि खेळ अजून सुरू पण झालेला नाही!

खेळाचं नाव ट्रॅव्हलर, अंतराळातल्या भटकंतीचा. १९७७ साली अमेरिकेत आला, इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावातनं (हो, गावाचं नावच नॉर्मल), लिहिला मार्क मिलर यांनी, छापला गेम डिझायनर्स वर्कशॉपनं. एका डब्यात तीन बारकी काळी पुस्तकं, वर ना यानाचं चित्र ना राक्षसाचं. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. एक जण रेफरी, तो जग सांगतो, बाकीचे आपापलं माणूस होऊन "मी आता हे करतो" म्हणतात आणि जमलं का फसलं ते फासे सांगतात.

आता हा कागद नीट बघा, कॅमेरा मुद्दाम जवळ नेलाय. सहा आकडे आहेत. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि समाजातली पत. प्रत्येकाला दोन फासे टाकायचे, बेरीज लिहायची, दहा आले तर ए, अकराला बी, बाराला सी. म्हणजे अख्खा माणूस सहा खुणांत बसतो, कास्टिंगवर पंच केलेल्या नंबरसारखा. मग वय अठरा, आणि नोकरी शोधायची. नौदल, मरीन, सैन्य, स्काउट (अनोळखी ग्रह-तारे धुंडाळणारे), व्यापारी जहाजं, नाहीतर सरळ 'इतर'. चार-चार वर्षांची टर्म. प्रत्येक टर्मला पहिल्यांदा बघायचं जगला का, मग बढती, मग काय शिकला ते. चौतिशी गाठली की म्हातारपणाचे फासे वेगळे, त्यात ताकद जाते, दम जातो.

स्काउट सगळ्यात वाईट. जगायला सात किंवा वर लागतात. दोन फाशांच्या छत्तीस जोड्या, त्यातल्या एकवीस तुमच्या आणि पंधरा यमाच्या. दम नऊ किंवा वर असला तर दोन जादा धरतात, पण याचा दम पाच, आणि पडले चार. विषय संपला. नवा कागद.

त्याचा आजचा हा तिसरा कागद. तरी स्काउटच पाहिजे म्हणतोय.

२००८ ला मोंगूस या दुसऱ्या प्रकाशकाची आवृत्ती आली त्यात असं मरण काढून टाकलं, अपघात होतो आणि नोकरी जाते, बास. या टेबलावर ते चालत नाही. मलाही नाही पटत खरं सांगू तर, कारण तीन टर्म जगवलेला माणूस चौथ्या टर्मला मरू शकतो म्हणून तर तो आपला वाटायला लागतो.

आणि जो जगला तो खेळात येतो कसा, तर चाळिशीचा, निवृत्त, गुडघे कुरकुरणारा. व्यापारी असला आणि नशीब असलं तर जहाज मिळतं. फ्री ट्रेडर, २०० टनी. मिळतं म्हणजे कर्जासकट मिळतं.

ही वही बघा. हे अक्षर ज्याचं आहे त्याच्या घरात दोन ट्रक आहेत. जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट (खेळातला पैसा), महिन्याचा हप्ता किमतीचा दोनशे चाळिसावा भाग, म्हणजे १ लाख ५४ हजार ५००, आणि असे ४८० हप्ते. चाळीस वर्षं! माल बसतो ८२ टन, भाडं टनाला हजार. महिन्यात दोनच फेऱ्या होतात, पोटभर माल मिळाला तरी १ लाख ६४ हजार. उरले साडेनऊ हजार, त्यात इंधन, पगार, बंदराची पट्टी. मग केबिनीत प्रवासी घ्यायचे, खाली गोठवून नेलेले स्वस्तातले प्रवासी घ्यायचे, आणि रिकामं परतायचं नाही. रिटर्न भाडं पाहिजेच. हे त्याला कुणी शिकवलं नाही.

हे मार्केट यार्ड, सकाळचे गुळाचे सौदे. शूट दुसऱ्याच कामासाठी केलेलं, पण इथं ठेवायचा मोह आवरला नाही, कारण खेळात माल असाच विकतात. भाव फाशावर, मधी अडत्या, त्याची अडत वेगळी. फरक एवढाच की इथं भाव पडला तर फोन येतो. तिथं एका ताऱ्यावरनं दुसऱ्यावर एक उडी म्हणजे आठवडा, लांब असो का जवळ, आणि जहाजापेक्षा वेगानं बातमी पोचवायची काही सोयच नाही. रेडिओ नाही, काही नाही. पोचल्यावर कळतं की आपल्या आधी कोण तरी तोच माल ओतून गेलाय.

लेसरच्या मारामाऱ्या पण आहेत यात, पण त्या दिवशी कुणी केल्या नाहीत.

मधी पाचवा गडी नोकरीला पुण्याला गेला, चार महिने खेळ बंद होता, मग परत सुरू झाला.

(भिंतीकडचं रिकामं स्टूल. निवेदन नाही.)

आता महिनाअखेर आहे. खात्यात सहा हजार, हप्ता डोक्यावर. रेफरीनं बंदरावर एक माणूस आणलाय. एक खोकं पोचवायचं, उघडायचं नाही, भाडं रोखीत, हप्ता भागून वर उरेल एवढं. चौघंही गप. स्काउटवाला खूश, त्याला हेच पाहिजे होतं, यावेळी जगलाय तो. ट्रकवाला वही मिटतो, पेन्सिल कानावर ठेवतो आणि त्या नसलेल्या माणसाकडं बघून विचारतो,

"भावा, बिल्टी हाय का?"

(रेफरी मान हलवतो. नाही. फासे उचलले जातात.)