फुल बॉडी चेकअप करू का नाही?

नमस्कार श्रोतेहो.

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. दिवाळीला पोरं पुण्या-मुंबईहून गावी येतात, आईबापाचे ओढलेले चेहरे पाहतात, आणि परत जाताना मोबाइलवरून तपासणीचं एखादं पॅकेज बुक करून टाकतात. मग वडील माझ्याकडे येतात. "पोट्ट्यानं पैसे भरले जी डॉक्टर. म्हणते, बाबा, पुरी बॉडी चेक करून घ्या. करू का नाई?" बाजूला आई उभी असते. तिच्या नावाने पैसे भरलेले असतात कधीकधी. पुष्कळदा नसतात.

पोराची माया खरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण पैसे कशाला जाताहेत ते आधी पाहू.

सकाळी उपाशीपोटी एक मुलगा मोटरसायकलवर येतो. त्याच्याकडे बर्फाची पेटी असते. दंडाला पट्टा बांधून तीन-चार छोट्या नळ्या रक्त घेतो, लघवीची एक डबी घेतो आणि निघून जातो. एकदोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट येतो. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "८५ टेस्ट". हा आकडा कसा फुगतो, तेही सांगतो. रक्ताची साधी मोजणी, जिला आम्ही सीबीसी म्हणतो, ती एकच तपासणी. पण तिच्यात हिमोग्लोबिन वेगळं, पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्यांचे पाच प्रकार वेगळे, असं करत वीसेक ओळी निघतात, आणि प्रत्येक ओळ एक टेस्ट म्हणून धरली जाते. लघवीच्या तपासणीच्याही तशाच दहा-पंधरा ओळी. चरबीच्या तपासणीत दोन आकड्यांचा भागाकार करतात, तीही एक टेस्ट! वर "टॅक्स वाचवा" असंही छापलेलं असतं. आयकराच्या जुन्या पद्धतीत अशा तपासणीला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते हे खरं आहे. कोरडवाहू पाच एकरवाल्याला त्या वजावटीचं काय करायचं, ते जाहिरातवाल्यालाच ठाऊक.

आता या सगळ्यात काय झालं नाही ते बघा. तुम्हाला कोणी तोंड उघडायला सांगितलं नाही.

आपल्या विदर्भात पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देतात, तोच खर्रा. बारा-तेरा वर्षांच्या पोरापासून शेतावर जाणाऱ्या बाईपर्यंत खर्रा सगळ्यांच्या गालात असतो. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, पांढरट पडते. आधी तिखट झोंबायला लागतं. जन्मभर मिरचीचा ठेचा खाल्लेला माणूस म्हणतो, "आजकाल भाजीत तिखट कमी टाक." घरच्यांना वाटतं, वय झालं. मग तोंड कमी उघडायला लागतं. आत्ता रेडिओ ऐकता ऐकता करून पाहा: आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी एकावर एक धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधे घाला. मोठ्या माणसाच्या तोंडात ती सहज जायला हवीत. दोनच जात असतील, किंवा गालात, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा. तोंडाच्या कॅन्सरच्या आधीची ही पायरी असू शकते, आणि या पायरीवर माणूस वाचवता येतो. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ गावोगावी लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे कमी झाले, असं २००५ साली प्रसिद्ध झालं. सामान काय लागलं? एक बॅटरी आणि पाहणारा शिकलेला माणूस. रक्ताच्या ८५ ओळींत हा चट्टा कुठेच दिसत नाही.

बायकांचं तर याहून अवघड आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात फक्त आठ. तेव्हापासून पुष्कळ काही बदललं. लाज मात्र फारशी हललेली नाही. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली आणि पुन्हा डाग दिसला, तरी बाई घरात सांगत नाही. निंदण संपू दे, लग्न उरकू दे, मग पाहू.

माझ्या बहिणींनो, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी पाच मिनिटांची असते. व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल कापसाने तिथे लावतात, मिनिटभर थांबतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी, नाही तर घरी. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांमध्ये हा प्रयोग चालवला. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या बायका. ज्या वस्त्यांमध्ये ही तपासणी झाली, तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच प्रयोगात हाताने छातीची गाठ तपासण्याचा फायदा पन्नाशीच्या पुढच्या बायकांना झालेला दिसला. मुलाने वडिलांसाठी पॅकेज घेतलं असेल तर त्याला फोनवर सांगा, आईला आधी ने.

बरं, रक्त तपासलंच, तर नुकसान काय? नुकसान आहे. प्रयोगशाळेत 'नॉर्मल'ची जी मर्यादा छापलेली असते, ती साधारणपणे शंभर निरोगी माणसांपैकी ९५ जणांना सामावून घेईल अशी आखतात. म्हणजे पाच निरोगी माणसं मुळातच रेषेच्या बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर गणिताप्रमाणे शंभरातल्या ६४ धडधाकट माणसांच्या रिपोर्टमध्ये एखादा तरी आकडा लाल येणार. रात्री आठला तो लाल आकडा मोबाइलवर येतो, आणि घरात कोणी झोपत नाही.

त्यातला आपल्याकडचा नेहमीचा लाल आकडा म्हणजे बिलिरुबिन. दीड, पावणेदोन. शेजारी सांगतो, कावीळ आहे. मग झाडपाला, हळद बंद, तेल बंद, ताकावर पंधरा दिवस. खरं तर पुष्कळ निरोगी लोकांत हा आकडा जन्मापासूनच थोडा वर असतो, त्याने काही बिघडत नाही. आणि उपाशी राहिलं की तो आणखी वाढतो. तपासणीला उपाशी या, असं सांगणारं पॅकेजच तो वाढवून देतं! अर्थात डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, असं असेल तर ती खरी कावीळ समजून डॉक्टरकडे जायचं.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या माणसाने विशेष लक्षात ठेवावी. तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये असते. ती लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते, आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते असं तिने गृहीत धरलेलं असतं. सिकलसेल हा लाल पेशींचा, आईबापाकडून येणारा आजार. त्याच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, मग साखर असूनही आकडा कमी दाखवतो. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालं असेल तर उलट, आकडा जास्त दाखवू शकतो. सिकलसेलचा नुसता वाहक असलेल्या माणसातही काही मशीन फसतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. इथे उपाशीपोटीची साधी साखर जास्त भरवशाची. ती १२६ किंवा वर आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच मधुमेह म्हणायचं. आणि सिकलसेलची तपासणी लग्नाआधी स्वतःहून करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल आजारी निपजेल. कुंडली पाहता, हेही पाहा.

निरोगी माणसांची अशी सरसकट तपासणी करून आयुष्य वाढतं का, यावर जगभरचे प्रयोग एकत्र करून २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला. माणसं होती अडीच लाख. एकूण मृत्यूंमध्ये फरक जवळपास नाही. मी हा आकडा डोळे मिटून आपल्याला लावत नाही. ते देश श्रीमंत, तिथल्या माणसाचं बीपी एरवीही कोणी ना कोणी मोजतच असतं. आपल्याकडे पन्नास वर्षांच्या माणसाच्या दंडाला पट्टा लागतो तो थेट अर्धांगवायू झाल्यावर. म्हणून तपासणीच नको, असं मी म्हणणार नाही. मोजकी तपासा, पण नेमाने तपासा.

सीटी स्कॅन किंवा एमआरआयने "डोक्यापासून पायापर्यंत" पाहून देतो म्हणणाऱ्याकडे तक्रार नसताना जाऊ नये. सीटीमध्ये छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा शंभरपट आणि त्याहून जास्त किरण अंगात जातात. आणि काहीतरी निरुपद्रवी गाठ सापडते, तिच्यामागे नागपूरच्या फेऱ्या सुरू होतात.

मग मोजकी म्हणजे कोणती? तिशीनंतर बीपी आणि साखर दरवर्षी. तोंड, छाती आणि गर्भाशयाचं तोंड यांची तपासणी दर पाच वर्षांनी. खर्रा खाणाऱ्याने तोंड त्याहून लवकर-लवकर दाखवावं. हे सगळं सरकारी कार्यक्रमात आहे, उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेरही असतो. तो हसण्यावारी नेऊ नका. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली की साखर जवळ आली समजा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तही घेतात. राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणीला पैसे लागत नाहीत.

लागत नाहीत, पण मिळतंच असंही नाही. कुठे साखरेच्या पट्ट्या संपलेल्या, कुठे सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी, मीटिंगला गेलेल्या. गर्भाशयाची तपासणी तर कागदावर सगळीकडे आहे, प्रत्यक्षात किती ठिकाणी होते ते मला विचारू नका. ग्रामसभेत रस्त्यावर दोन तास बोलता, पाच मिनिटं यावरही विचारा: या महिन्यात किती बायका तपासल्या?

काही लोकांना जास्तीची तपासणी लागते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात खारं पाणी पिऊन वाढलेल्यांनी, आणि बीपी-साखर असलेल्या कोणीही, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा पाहावं. बापाला किंवा भावाला कमी वयात हार्टअटॅक आला असेल तर चरबीची तपासणी करावी.

आणि त्रास होत असेल तर पॅकेज हा रस्ताच नव्हे. चढावर छातीत दाब येतो, दोन आठवड्यांवर खोकला आहे, वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, अशा माणसाने सरळ डॉक्टरकडे जाऊन तेवढंच सांगावं. पॅकेजमधला पडल्या पडल्या काढलेला ईसीजी नॉर्मल आला, म्हणून चढावरचा दाब खोटा ठरत नाही. असा नॉर्मल रिपोर्ट खिशात ठेवून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता ज्यांच्या पोरांनी पैसे भरूनच टाकलेत, त्यांनी जा. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, सकाळी पाणी चालेल, चहा नको. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, तोंडातला खर्रा थुंकून या, तंबाखूने बीपी चढतं. जुने कागद, चालू गोळ्यांची पत्ती सोबत न्या. आणि रिपोर्ट कोणाला दाखवणार ते आधीच ठरवा. पॅकेजवाल्यांचा फोन येईल, अमुक कमी आहे, तमुक औषध चालू करा. त्यावर गोळी घेऊ नका. तुमचा नेहमीचा डॉक्टर, किंवा आरोग्य केंद्राचे डॉक्टर, यांच्यापुढे मोबाइल ठेवा आणि म्हणा, यातलं कोणतं खरं माझ्या कामाचं? मग त्यांच्यापुढे तोंड उघडा, बॅटरीने पाहायला सांगा.

नमस्कार.