गव्हाणीतल्या काड्या

(दृश्य: सकाळची वेळ. पहिलीचा वर्ग. बाई मुलांकडे पाठ करून उभ्या आहेत.)

पहिलीच्या वर्गात बाई अशा पाठमोऱ्या उभ्या राहिल्या की समजावं, आज क्रुसाची खूण शिकवायची आहे. समोर तोंड करून शिकवली की घोटाळा होतो. आरशात पाहिल्यासारखी अख्खी रांग डावा हात उचलते. म्हणून पाठ. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. शेवटचं ‘आमेन’ मात्र कुणाचंच चुकत नाही, आणि तेच सगळ्यात मोठ्याने येतं.

कॅथलिक प्राथमिक शाळेतला धर्म हा असा हातापासून सुरू होतो. अर्थ मागाहून येतो. काहींना बराच मागाहून.

(दृश्य: प्रार्थनेचा कोपरा. टेबलावर कापड, बायबल, मेणबत्ती.)

वर्गाच्या कोपऱ्यातल्या या टेबलावरचं कापड बदललं की उपासनेचा काळ बदलला. एरवी हिरवं. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळं. नाताळ आणि पुनरुत्थानाला, म्हणजे ईस्टरला, पांढरं. पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, पेन्टेकॉस्टला, लाल. कॅलेंडर वाचता न येणारं मूलही हे कापड वाचतं. ते बदलण्याची पाळी आली की दोघं जण कापडाची चार टोकं धरतात आणि सुरकुती कुणामुळे पडली यावर भांडतात.

‘एवढ्याशा पोरांना काय कळतं?’ हा प्रश्न चर्चमध्येही जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, मुलांना दहा, बारा, कुठे कुठे चौदा वर्षांचं होईपर्यंत थांबावं लागे. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या काळात रोमहून आदेश निघाला: सातव्या वर्षाच्या आसपास मूल तयार होतं. संपूर्ण धर्मज्ञानाची गरज नाही. श्रद्धेतल्या मूळ गोष्टी त्याला आपल्या वयाप्रमाणे समजाव्यात, आणि ही साधी भाकर नव्हे, एवढं ओळखता यावं.

(दृश्य: सरावाचा दिवस. मुलं रांगेत, तळहातावर तळहात.)

आज पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा सराव आहे. वाटल्या जातायत त्या आशीर्वादित न केलेल्या पातळ चकत्या. चव घेऊन कुणी तोंड वाकडं करतं, कुणी म्हणतं, पुठ्ठ्यासारखं लागतंय. शिक्षिका रागावत नाहीत. चव आज कळलेली बरी, खऱ्या दिवशी चेहरा नीट राहतो.

खऱ्या दिवसाआधी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपाशी आपल्या चुका कबूल करणं. इथे मात्र खरी अडचण होते, कारण सात वर्षांच्या माणसाकडे पापांचा साठा तो कितीसा असणार? मग चिठ्ठीवर जमवाजमव चालते: खोटं बोललो, खोडरबर घेतलं, आईचं ऐकलं नाही. एकाची चिठ्ठी शेजारच्याने उतरवून घेतलेली दिसते. आता हेही पाप धरायचं का, ते फादरच ठरवतील.

(दृश्य: शाळेची मिस्सा.)

शाळेच्या मिस्सेला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला, शिक्षकांची एक नजर वेदीकडे आणि एक बाकांकडे असते. मुलांबरोबरच्या मिस्सेसाठी रोमने १९७३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. सरकारी वाटणाऱ्या अशा दस्तऐवजात चक्क कंटाळ्याची दखल आहे. रोजच्या रोज ठेवली नाही तर मुलांना कंटाळा कमी येईल, असं ती सांगते. वाचनं कमी करायची मुभा देते, शुभवर्तमान मात्र गाळायचं नाही. प्रवचन मुलांशी प्रश्नोत्तरं करत चाललं तरी हरकत नाही. आणि धर्मगुरूंना मुलांच्या कलाने बोलणं जड जात असेल, तर चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंच्या संमतीने दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाने बोलावं, अशीही सोय आहे. ही ओळ लिहिणाऱ्याने बरीच प्रवचनं ऐकली असावीत.

बाकांवरची सगळीच मुलं कॅथलिक नसतात. बऱ्याच ठिकाणी ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ती जागेवर बसून राहतात, किंवा हात छातीवर दुमडून रांगेत येतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, रांग पुढे सरकते.

(दृश्य: खिडकीतला डबा. नाणं पडल्याचा आवाज.)

खिडकीतला हा डबा लांबच्या मुलांसाठी आहे. १८४३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बँ-जान्सों यांनी मुलांची एक संस्था काढली, पवित्र बाल्य. वर्गणी ठरली होती: दिवसाला एक ‘नमो मरिया’, म्हणजे मारियेची छोटी प्रार्थना, आणि महिन्याला एक सू, म्हणजे तिथलं किरकोळ नाणं. मदत मुलांनी मुलांना करायची. अजूनही बहुतेक रक्कम मोठ्यांच्याच खिशातून येते हे खरं, पण डब्यात नाणं टाकायचा हात मुलाचा असतो, आणि तो आवाज ऐकायला मुलं थांबतात.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी जी राख कपाळावर लागते ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांची. मधल्या सुट्टीत ती कुणाची किती उरली यावर चर्चा होते. उपवासकाळात ‘आलेलुया’ म्हणत नाहीत. काही शाळांत तो शब्द कागदावर लिहून पेटीत बंद करतात आणि पुनरुत्थानाच्या सणाला बाहेर काढतात.

(दृश्य: आगमनकाळ. चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं.)

आणि हे कडं. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबीची पाळी तिसऱ्या आठवड्यात. ही प्रथा मुळात कॅथलिक नाही. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्‍रिक विखर्न हे लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, धर्मशास्त्रज्ञ गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं सारखं विचारत. त्यांनी लाकडी कड्यावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. मुलांच्या घाईवर निघालेला तोडगा पुढे कॅथलिक वेदीपर्यंत पोहोचला.

(दृश्य: शाळेतल्या येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. रिकामी गव्हाणी.)

गोठ्यात मारिया आहे, योसेफ आहे, एक कान तुटलेलं गाढव आहे. बाळ नाही. ते नाताळच्या आदल्या रात्री येणार, तेव्हा शाळेला सुट्टी असेल. तोवर गव्हाणी भरायची: एक चांगलं काम, गवताची एक काडी. कोण किती टाकतं, कुणी मोजत नाही.

शेवटचा दिवस. घंटा झालीय, दप्तरं पाठीवर चढलीयत. रांगेतून एक मुलगी मागे वळते, गोठ्यापाशी येते, इकडेतिकडे बघते. गव्हाणीतली एक काडी उचलून खिशात घालते.

मग धावत रांगेत जाते.