आधी करंट बघू

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, सकाळचे साडेनऊ. लेथ चालू झालेत, पलीकडं कुठंतरी घण पडतोय, आणि या सगळ्या गोंगाटात मेस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून एकच आवाज ऐकतायत. प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी. स्लोला थरथरते, रेस दिली की आचका मारते, आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढाला दुसरा गिअर टाकल्याशिवाय हलत नाही.

मालक म्हणजे आमचे गुरुजी, रिटायर्ड. त्यांनी आधी दोन ठिकाणी कार्बोरेटर खोलून घेतलाय, नवं किट टाकलंय, जेट साफ केलेत, तरी गाडी तशीच. इथं आल्यावरही पहिलं वाक्य तेच, "मेस्त्री, कार्बोरेटर बघा."

"बघूया की गुरुजी. पण आधी करंट बघू."

आणि डिस्ट्रीब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्याची, टोपी निघाली.

आता हे जवळून बघा. पॉइंट म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं. त्यातल्या हलत्या पट्टीला ही तपकिरी फायबरची टाच आहे ना, ती मधल्या कॅमवर सारखी घासत असते. टाच झिजली की त्या टोकांमधला गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, आणि पॉइंट उशिरा उघडले की ठिणगीपण उशिरा पडते. म्हणजे कुणी हात न लावता टायमिंग आपोआप मागं गेलं. गाडी तापते, ओढत नाही, आणि शिव्या खातो कार्बोरेटर. इथं गॅप मोजायच्या फिलर गेजची 0.4 मिलिमीटरची पाती आत जायलाच तयार नव्हती.

नवे पॉइंट बसले, गॅप लागला. हे आधी, टायमिंग नंतर, कारण गॅप हलला की टायमिंग हललंच.

मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा. पोरगं पान्ह्यानं पुली फिरवतंय, अंगठ्याला हवेचा दाब लागला की समजायचं कॉम्प्रेशन आलं, तिथनं हळूहळू पुलीवरची खूण जुळवायची. टोपीखाली फिरणाऱ्या रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरीकडं, पुढं ठिणगीची पाळी 1-3-4-2. टायमिंग लाइट वगैरे काही नाही. मेस्त्रींच्या खिशातनं निघतो तो इंडिकेटरचा 12 व्होल्टचा बल्ब, दोन वायरी डकवलेला. एक वायर डिस्ट्रीब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू. बोल्ट सैल करून डिस्ट्रीब्युटर फिरवायचा, केसभर, अजून केसभर...

बल्ब लागला. पॉइंट उघडले ते इथं. बोल्ट आवळतानासुद्धा दुसरा हात डिस्ट्रीब्युटरवर आहे बघा, आवळताना तो सरकतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. अजून पुढं घेतलं असतं तर चढाला खडखड नॉकिंग सुरू झालं असतं, म्हणून लोभ करायचा नाही.

आता कार्बोरेटर. गुरुजी स्टूल पुढं ओढून बसले, पण बघण्यासारखं फार निघालं नाही. मिक्स्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा, स्क्रू आधीच्यांनी गच्च आत पिळलेला, तो दीड आटा बाहेर काढला आणि तिथनं पुढं कानानं. बुडाच्या गॅस्केटवर क्लीनरचा फवारा मारला, रेस बदलली नाही, म्हणजे तिथनं हवा खात नाही. पेट्रोलची रबरी नळी मात्र फुगून मऊ पडलेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते मानवत नाही. आपल्याच उसाचं आहे, बोलायचं कुणाला! नळी बदलली.

हे पॉइंट, हे रोटर आता शोधत फिरावं लागतं, आणि 15 वर्षांवरच्या गाडीला दर 5 वर्षांनी परत पासिंग आहेच. गल्लीत पॉइंट लावणारे पूर्वी बरेच होते.

दुपारी पन्हाळ्याची वाट. वाघबीळचा चढ लागला. गुरुजींचा डावा हात स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर आहे, सवयीनं.

तिसराच चालू आहे.