औषधांपासून लिव्हरला वाचवणारी गोळी असते का?

[टेबलावर गोळ्यांच्या दोन स्ट्रिप्स]

नमस्कार मंडळी. "औषधं फार गरम पडतात, लिव्हरसाठी सोबत काहीतरी लिहून द्या ना." हे वाक्य कुठल्याही दवाखान्यात ऐकू येतं. मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते माझ्याच वाट्याला येतं. मग मी काही बोलायच्या आतच कुणी भुईआवळा सुचवतं, कुणी हळदीच्या कॅप्सूल, कुणी गुळवेलीचा काढा.

एका औषधाने होणारी इजा दुसऱ्या औषधाने टाळता येते का? येते. फक्त ती टाळणारी औषधं या ग्रुपवरच्या यादीत नसतात.

पॅरासिटामॉलपासून सुरुवात करू, कारण इथे नेमकं काय घडतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. गोळी घेतली की लिव्हर तिचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर काढतं. थोड्या भागाचं मात्र एक विषारी रसायन बनतं. त्याला नाव आहे नॅपक्वी. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं आणि निकामी करतं. हे ग्लुटाथायोन सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे. रोजच्या वापराला पुरतं, पण सगळ्यांनी एकदम नळ सोडले की खडखडाट. मग मोकळं सुटलेलं नॅपक्वी लिव्हरच्या पेशींनाच चिकटतं आणि त्या मरायला लागतात.

आणि एवढा डोस व्हायला काही वेडेपणा करावा लागत नाही. [स्ट्रिप उचलून] ही तापाची गोळी, 650 मिलिग्रॅम. दिवसातून चार वेळा घेतली, 2600 झाले. [दुसरी स्ट्रिप] ही सर्दीची. पुढे मोठ्या अक्षरात ब्रँड, मागे मुंगीएवढ्या अक्षरात घटक, आणि त्यात पहिलंच नाव पॅरासिटामॉल 500. ती तीन वेळा, म्हणजे आणखी 1500. बेरीज 4100. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 आहे. रोज दारू पिणाऱ्याची किंवा उपाशी, अशक्त माणसाची त्याहून कमी.

ही 4000 ची रेघ ओलांडली की लगेच लिव्हर गेलं, असं नाही. पण डोस बराच जास्त झाला असेल, तर फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी माणूस ठीकठाक दिसतो. थोडी मळमळ, बस. खरं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत दिसू लागतं.

यावरचा उतारा आहे एन-ॲसिटिलसिस्टीन. मुळात हे छातीतला कफ पातळ करणारं औषध. 1970 च्या दशकात एडिंबरामध्ये लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांचे सहकारी पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर सिस्टिअमाइन वापरत होते. ते काम करायचं, पण रुग्ण उलट्यांनी हैराण व्हायचे. 1977 मध्ये त्यांनी हे कफाचं औषध शिरेतून दिलं, आणि ते चाललं. शरीर त्यापासून पुन्हा ग्लुटाथायोन बनवतं. सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याला, पण पहिल्या आठ तासांत मिळालं तर लिव्हर जवळपास नक्की वाचतं. नंतरही उपयोग होतो, पण खात्री कमी होत जाते. म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे इथे चालत नाही. किती गोळ्या गेल्या आणि किती वाजता, हे सांगून थेट कॅज्युअल्टी गाठायची.

अशी नेमकी कामं करणारी आणखी औषधं आहेत. कॅन्सरवरच्या आयफॉस्फामाइडपासून मूत्राशय वाचवायला मेस्ना. डॉक्सोरुबिसिनपासून हृदय वाचवायला डेक्सराझोक्सेन. मेस्नाने हृदय वाचत नाही, डेक्सराझोक्सेनने मूत्राशय वाचत नाही. कुठलं रसायन, कुठल्या अवयवाला, कोणत्या वाटेने इजा करतं हे आधी कळलं, मग त्या वाटेवर आडवं घालायला काहीतरी मिळालं.

वनस्पतीसुद्धा या कसोटीला उतरू शकते. मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडातलं सिलिबिनिन घ्या. युरोपात डेथ कॅप ही विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना ते शिरेतून देतात, कारण अळंबीचं विष ज्या दारातून लिव्हरच्या पेशीत शिरतं ते दार ते अडवतं. त्याच झाडाच्या सिलिमरिनच्या गोळ्या आपल्याकडे "लिव्हर टॉनिक" म्हणून कशावरही लिहून दिल्या जातात. ते माझ्या मते पैसे वाया घालवणं आहे.

"पण उंदरांवर सिद्ध झालंय!" हो, झालंय. हळदीतल्या करक्युमिनपासून कितीतरी अर्कांवर. पण त्यातले बरेच प्रयोग कसे होतात बघा. उंदराला आधी काही दिवस अर्क पाजतात, मग विष देतात. तुम्ही-आम्ही जागे होतो ते रिपोर्ट बिघडल्यावर. शिवाय करक्युमिन आपल्या पोटातून फारसं रक्तात जातच नाही. म्हणून कंपन्या कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरीन घालतात. त्याने ते जास्त शोषलं जातं, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांचं लिव्हर सुजल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. आमटीतल्या हळदीला याचा काही डाग नाही, ती खुशाल घाला.

गुळवेलीचंही तेच. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली आणि कावीळ झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वेल नक्की कुठली ते तपासलेलंच नाही, आणि तो मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पुढे देशभरातल्या 13 केंद्रांमधून अशा 43 रुग्णांचा अभ्यास आला. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच लिव्हरवर उलटल्यासारखी चिन्हं होती. ज्यांना थायरॉइडचा किंवा सांध्यांचा ऑटोइम्यून आजार आहे, त्यांनी तर हा काढा डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

आता टीबी, कारण याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. सोबत जी बी6 ची छोटी गोळी मिळते ती लिव्हरसाठी आहे असं अनेकांना वाटतं. ती नसांसाठी आहे. आयसोनियाझिडमुळे बी6 कमी पडून हातापायांना मुंग्या येतात, त्या टाळायला. लिव्हरसाठी करायचं ते लक्ष ठेवणं.

लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून गोळ्या बंद करणारे लोक असतात. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, निरुपद्रवी. पण डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं, अन्नावरची वासना उडाली, उलट्या थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते सगळ्या गोळ्या थांबवून तपासणी करतील आणि लिव्हर शांत झालं की एकेक करून पुन्हा सुरू करतील. आणि घरी कुठला काढा चालू असेल, तर तोही त्यांना सांगा, ओरडा बसला तरी.